त्याला तेव्हा चहा हवा होता

३ तारीख, सोमवार. सकाळी, स्नानानंतर.

ज्याने जिभेला शब्द दिला आणि शब्दाच्या शेजारी मौनालाही जागा राखून ठेवली, त्या दयाघनाची कृपा या रोजनिशीवर असो. लिहिणाऱ्याची बुद्धी सरळ राहो. वाचणारा कोणी नाही. त्याच्यासाठी तूर्त काही मागत नाही.

आता विषय. विषय वाणीचा आहे.

वरच्या मजल्यावरील गायनशिक्षिकाबाईंनी आमच्याशी बोलणे टाकले. कारण मी, असे सौ.चे म्हणणे. सौ. परवा स्वयंपाकघरात म्हणाली होती की या बाईंचा रियाज म्हणजे तेल न घातलेलं दार. मी ते बाईंना जिन्यात सांगितले. निंदा म्हणून नव्हे; आत्मपरीक्षणास साहाय्य व्हावे म्हणून. सौ.च्याच आवाजात सांगितले. दाराचाही आवाज काढला. आयुष्यभर पोथी सांगितली. पात्र डोळ्यांपुढे उभे केल्याशिवाय मला वाक्य सांगताच येत नाही. हा गुण आहे.

सौ. म्हणाली की अहो, तुम्ही निरोप सांगता की नाटक करता? माझ्या तोंडचं वाक्य माझ्याच तोंडचं वाटेल असं सांगायची काय गरज होती?

मी म्हणालो की ते तुझ्याच तोंडचे होते. यावर पातेले आपटले गेले.

संकल्प: यापुढे दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे सांगावयाचे नाही. मग कसे सांगावयाचे, ते अद्याप ठरलेले नाही. मार्ग दिसेल.

ता. क. उरलेसुरले दातही काढून झाले. कवळी तयार होते आहे. तोवर कमी बोला, असे डॉक्टरांनी बजावले. म्हणजे संकल्पास वरूनच अनुमोदन आहे.

४ तारीख, मंगळवार.

मार्ग दिसला. चोवीस तासही लागले नाहीत. तळमळ असावी लागते.

धाकटी बहीण छबू. साठी ओलांडली, तरी छबूच. यजमान गेल्यापासून आमच्याकडे असते. शाळेत इंग्रजी शिकवायची. निवृत्त झाल्यावर बाहेरच्या खोलीत फळा लावून शिकवण्या घेते. मी आतल्या खोलीत जपाला बसतो. मधले दार नीट लागत नाही.

आज तिने शिकवले: डायरेक्ट आणि इनडायरेक्ट स्पीच. बोलणाऱ्याचे वाक्य दुसऱ्याने सांगताना काय काय बदलते, हा विषय. मी याचा तो होतो. वर्तमानाचा भूतकाळ होतो. आता याचे तेव्हा. येथे याचे तेथे. आज याचे त्या दिवशी. उद्या याचे दुसऱ्या दिवशी. आणि वाक्याच्या दोन्ही बाजूंचे ते इन्व्हर्टेड कॉमा नाहीसे होतात.

माळ हातातच थांबली. मी गळतो! आता गळते! येथे गळते! उरतो तो केवळ साक्षी. जे साधण्यासाठी ऋषींनी जटा पांढऱ्या केल्या, ते यांनी आठवीच्या पुस्तकात घालून ठेवले आहे, आणि त्याला पाच मार्क.

आणि पुराणे तरी दुसरे काय आहेत? एका मुनीने दुसऱ्याला सांगितले की तिसऱ्याने चौथ्याला काय सांगितले होते. थेट कोणीच बोलत नाही. इन्व्हर्टेड कॉमा ही अहंकाराची शिंगे होत. वाक्याला दोन्हीकडून फुटतात.

संकल्प: या रोजनिशीत शिंगे वर्ज्य. बोलण्यात इनडायरेक्टचे कडकडीत व्रत. इंग्रजीचे रूल मराठीस लागू करावे की नाही, अशी शंका क्षणभर आली. निरसन: व्याकरण एकच आहे, भाषा ही त्याची वस्त्रे. छबूला विचारण्याचे प्रयोजन नाही. ती शिक्षिका आहे, तत्त्वज्ञ नव्हे.

५ तारीख, बुधवार.

पहिला प्रयोग स्वतःवर. मी गळावा, म्हणून स्वतःचे बोलणेही परोक्ष. सकाळी सौ.ला म्हणालो की त्याला तेव्हा चहा हवा होता.

सौ.ने विचारले की कोणाला? म्हणालो की त्याला. तिने दार उघडून बाहेर कोणी उभे आहे का ते पाहिले. मग म्हणाली की तेव्हा हवा होता तर तेव्हा सांगायचं, आता माझा गॅस रिकामा नाही.

चहा मिळाला नाही. साधनेत प्रारंभी असे होते.

रोजनिशीतही मी ऐवजी तो लिहून पाहिले. सकाळी तो उठला. त्याने दात घासले. दुपारी वाचताना हा तो कोण, हे कळेना. शिवाय त्याला दात नाहीत. रोजनिशीपुरती सवलत घेतली आहे.

दुपारी छबूचा पुढचा तास. विषय: वरील रूलचे अपवाद. डोळे मिटून, एकाग्र होऊन ऐकले. सौ. म्हणाली की तुमच्या घोरण्यानं पोरं हसून हसून लोळत होती. ते घोरणे नव्हते. श्वासाचे नियमन होते. अपवाद नेमके कोणते ते स्मरत नाही. अपवाद दुर्बलांसाठी असतात.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे छबूला पोथी वाचून दाखवली. दात नसल्याने निम्मी अक्षरे वाऱ्यावर जातात; तिला सर्व कळते. ती स्वेटर विणत मान डोलावते. असा श्रोता भाग्याने लाभतो. मी पोथी उघडली की सौ.ला वाळत घातलेले कपडे आठवतात.

७ तारीख, शुक्रवार. दुपारी.

फार मोठे उत्तरदायित्व अंगावर आले आहे.

डॉक्टर, म्हणजे दातांचे, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर असतात. पुढे दवाखाना, मागे राहण्याच्या खोल्या. विधुर, सज्जन, आणि सर्वांच्या मते अबोल. वस्तुतः ते बोलतात. परंतु ज्याच्या तोंडात हत्यार आहे त्याच्याशीच. जन्मभर त्यांनी प्रश्न विचारले आणि समोरच्याने आँ म्हटले. उत्तराची सवयच राहिली नाही. मोकळ्या तोंडाचा मनुष्य समोर आला की बिचारे भिंतीवरील दाढेच्या चित्राकडे पाहू लागतात.

आज माझे माप घ्यावयाचे होते. त्यांनी तोंडात गुलाबी लगदा भरला, हलू नका म्हणाले, आणि छताकडे पाहत म्हणाले की मला तुमच्या बहिणीशी लग्न करायचं आहे.

मी आँ म्हणालो.

म्हणाले की दर शनिवारी वाचनालयात भेट होते. पुस्तक बदलता बदलता आम्ही बोलतो. म्हणजे त्या बोलतात. आता राहवत नाही हो. पण विचारायचा धीर होत नाही, त्यांचं तोंड मोकळं असतं ना! माझ्यासाठी तुम्ही एवढं सांगाल का त्यांना?

मी पुन्हा आँ म्हणालो. तो त्यांनी होकार धरला. लगदा घट्ट झाला तेव्हा मी दूत झालो होतो.

मनःस्थिती: पूर्ण निःपक्षपाती. छबूचे कल्याण एवढेच पाहावयाचे. ती गेल्यावर संध्याकाळच्या पोथीचे काय, हा विचार मनात आला नाही. जिना चढताना दोनदा आला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

निरोप दिला. एक मात्रा इकडची तिकडे नाही. म्हणालो की डॉक्टरांनी सांगितले की त्यांना तेव्हा तिच्याशी लग्न करावयाचे होते.

छबूची सुई थांबली. विचारले की तिच्याशी म्हणजे कोणाशी? म्हणालो की निरोप जिला आहे तिच्याशी. म्हणाली की म्हणजे माझ्याशी? आणि लाजली. या वयात! मग एकाएकी चेहरा उतरला. म्हणाली की करायचं होतं? तेव्हा? कधी तेव्हा?

म्हणालो की निरोपात एवढेच आहे.

मग म्हणाली की दादा, त्यांना एवढंच विचार, आणि आता काय?

पोथीला आज मान डोलली नाही. विणताना एक टाका सुटला, तिने पाहिलाही नाही.

८ तारीख, शनिवार.

उत्तर पोहोचवले. येथे माझ्या विद्वत्तेचा कस लागला, तो नोंदवून ठेवतो.

मूळ वाक्य: आणि आता काय. आता याचे तेव्हा झाले पाहिजे. परंतु आणि तेव्हा काय, हे कानाला खडबडीत लागते. मग स्मरले की इंग्रजीत तेव्हाला आणि मगला एकच शब्द आहे, देन. म्हणून तेव्हाचे मग केले. डॉक्टरांना म्हणालो की तिने विचारले की आणि मग काय?

त्यांच्या हातून तो छोटा आरसा पडला. दाढेच्या चित्राला म्हणाले की मग काय? एवढंच म्हणाल्या? मी म्हणालो की अक्षर वाढवलेले नाही. त्यांनी विचारले की म्हणताना हसल्या का? मी म्हणालो की निरोपात हसणे नव्हते.

संध्याकाळी छबू वाचनालयात जाऊन आली. डॉक्टर आले नाहीत म्हणे. तिने पुस्तकही बदलले नाही. नेले तेच परत आणले.

चहा मागितला, त्याच पद्धतीने. सौ. म्हणाली की तो आला की देते.

१० तारीख, सोमवार.

वरची कवळी मिळाली. खालची शुक्रवारी. तूर्त वरचा मजला भरला आहे, तळमजला रिकामा. जेवण सूपवरच.

कवळी बसवताना, म्हणजे माझे तोंड त्यांच्या ताब्यात असताना, डॉक्टरांनी पुन्हा धीर एकवटला. म्हणाले की त्यांना म्हणावं, मी उद्या पाच वाजता इथेच वाट बघतो. काही बोलल्या नाहीत तरी चालेल. नुसत्या आल्या तरी मी समजेन. नाही आल्या तरी समजेन.

हे मी असे पोहोचवले की ते दुसऱ्या दिवशी पाच वाजता तेथे वाट पाहणार होते.

छबू म्हणाली की पाहणार होते म्हणजे? पाहिली नाही का? दुसऱ्या दिवशी म्हणजे कुठल्या? उद्या का? आणि तिथे म्हणजे कुठे रे?

म्हणालो की तेथे म्हणजे येथे नव्हे.

सौ. आतून ओरडली की अहो, सरळ सांगा ना तिला कुठे ते! मी शांतपणे म्हणालो की सरळ हाच तर दोष आहे.

११ तारीख, मंगळवार.

छबूने पुष्कळ विचार करून दुसऱ्या दिवशी म्हणजे आज, आणि तेथे म्हणजे वाचनालय, असे ठरवले. मला विचारले की बरोबर ना? मी साक्षीभावाने स्मित केले. त्याचा जो अर्थ तिने घेतला, त्याला मी जबाबदार नाही.

नवी निळी शाल घेऊन गेली. मंगळवारी वाचनालय बंद असते. बंद दाराच्या पायरीवर बसून राहिली होती, असे सौ.ने बाजारातून येताना पाहिले.

इकडे दवाखान्यातील दिवा बराच वेळ चालू होता. दवाखान्यातील मदतनीसबाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या की साहेबांनी आज एकही पेशंट घेतला नाही, नुसती खुर्ची पुसत बसलेत. पुसून पुसून खुर्ची बसायच्या लायकीची राहणार नाही.

माझे निरीक्षण: दोघांनाही आज उत्तम एकांत लाभला. पुढे ईश्वरेच्छा.

छबू पोथीला बसली. ऐकत नव्हती, पण बसली. बरे वाटले. कशाने बरे वाटले, याच्या खोलात जाण्याचे कारण नाही.

१३ तारीख, गुरुवार.

घोर अन्याय! दवाखान्याला कुलूप. खालची कवळी आत.

मदतनीसबाई मागच्या खोल्यांत खोकी भरत होत्या. म्हणाल्या की साहेब शनिवारी सकाळी मुलीकडे चाललेत. कायमचे. खुर्चीसुद्धा विकायला काढली. मी म्हणालो की भल्या माणसाने कोणाचे तोंड असे अर्ध्यावर सोडून जावे का? त्या म्हणाल्या की आजोबा, ते दोन दिवस जेवले नाहीत आणि तुम्हाला तुमच्या चावण्याची पडलीय!

घरी येऊन वृत्त सांगितले. रूलप्रमाणे. म्हणालो की डॉक्टर कायमचे तेथून जाणार होते.

सौ. म्हणाली की जाणार होते ना? म्हणजे राहिले. बरं झालं, सोबत आहे इमारतीला. छबूने फळा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

१४ तारीख, शुक्रवार. दुपारी.

आज घरात जे झाले ते लिहिताना हात स्थिर नाही. कवळीही.

सौ.ची जिन्यात मदतनीसबाईंशी गाठ पडली. वर आली ती वादळासारखी. म्हणाली की अहो, डॉक्टर उद्या चाललेत! जाणार होते काय, जाणार होते काय! खाली खोकी बांधून तयार आहेत! बाई म्हणतात, यांच्या घरून निरोप आला की मग काय, आणि साहेब तेव्हापासून बसलेत भिंतीकडे बघत. तुम्ही त्यांना नक्की काय सांगितलंत? आणि हिला काय सांगितलंत? आणि खरं बोला, वन्सं गेल्या तर आपली पोथी ऐकणार कोण, म्हणून तर हे चाललं नाही ना? कारण मी ऐकणार नाही. आत्ताच सांगून ठेवते.

आरोप निराधार आहे. एकाच कवळीमुळे खंडन स्पष्ट उमटले नाही.

म्हणून सर्व समजावून सांगितले. व्रत, रूल, साक्षीभाव, शिंगे. छबू रडेल असे वाटले होते. तसे झाले नाही. मुलांच्या उत्तरपत्रिका तपासताना तिच्या मुद्रेवर जो भाव येतो, तो आला. खडू उचलला. म्हणाली की दादा, फळ्याजवळ ये. एकेक वाक्य सांग. चेंज इनटू डायरेक्ट.

मी सांगत गेलो, ती लिहीत आणि पुसत गेली. होते पुसले, आहे लिहिले. तेव्हा पुसले. तिच्याशी पुसले, तुमच्या बहिणीशी लिहिले. तेथे पुसून येथे, दुसऱ्या दिवशी पुसून उद्या. सौ. मागे उभी राहून पुढचे शब्द ओरडून सुचवत होती, एकही बरोबर नव्हता. शेवटी फळ्यावर उभे राहिले की मला तुमच्या बहिणीशी लग्न करायचं आहे. छबूने त्याच्या दोन्ही बाजूंना इन्व्हर्टेड कॉमा घातले. दुसरा घालताना खडू मोडला.

मग अगदी हळू विचारले की आणि माझ्या प्रश्नाचं काय केलंस? सांगितले. देनची व्युत्पत्तीही सांगितली.

म्हणाली की मग काय? मी त्यांना मग काय म्हणाले? आणि कपाळाला हात लावून खाली बसली, आणि हसू लागली. इतकी की सौ. पाणी आणायला धावली.

उठून डोळे पुसत म्हणाली की बुधवारी तू झोपला होतास ना, तेव्हा मी पोरांना हेच शिकवत होते. जे सांगतानाही खरं असतं, त्याचा काळ बदलावाच लागतो असं नाही. आणि दादा, हे सगळं इंग्रजीचं आहे रे. मराठीत नुसता की लावायचा आणि माणूस बोलला तसं सांगायचं. ते म्हणाले की मला लग्न करायचं आहे. संपलं. दूध घालायला येणाऱ्याला कळतं हे!

हे मला अंतर्यामी ठाऊक होतेच. तरीही कोणीतरी प्रयोग करून खात्री करून घेणे आवश्यक होते.

ता. क. रोजनिशी मागे चाळून पाहिली. सौ. म्हणाली की, छबू म्हणाली की, डॉक्टर म्हणाले की. पुढे सर्वत्र त्यांचेच शब्द, त्यांचाच काळ. लेखणीने व्रत पाळलेच नाही. फितूर.

छबू खाली गेली. चपलाही घातल्या नाहीत. हाताला खडू तसाच.

१५ तारीख, शनिवार.

पुढील हकीकत मदतनीसबाईंकडून कळली. त्या खोक्यामागे होत्या. मुद्दाम नव्हे, असे त्या म्हणाल्या.

छबू आत गेली ती थेट पेशंटच्या खुर्चीत बसली. म्हणाली की आता माझ्या तोंडात काहीही घालायचं नाही. विचारा.

डॉक्टरांनी सवयीने भिंतीकडे पाहिले. दाढेचे चित्र खोक्यात गेले होते. पाहावयास दुसरे काही उरले नव्हते, म्हणून छबूकडे पाहिले. आणि विचारले. एवढे मोठे डॉक्टर, पण आवाज म्हणे दात काढायला आलेल्या पोरासारखा.

छबू म्हणाली की हो. डॉक्टर म्हणाले की आँ? छबू म्हणाली की हो म्हणाले, हो!

खोकी सोडण्यास प्रारंभ झाला आहे. खुर्चीचे गिऱ्हाईक परत पाठवले.

एकंदरीत मध्यस्थी यशस्वी. थोडा काळ लागला, परंतु पक्के काम झाले. हे सौ.ला बोलून दाखवले. ती कपडे वाळले का ते पाहायला गेली. आज कपडे धुतलेलेच नव्हते.

२७ तारीख, गुरुवार.

नोंदणी उद्या. छबूचे सामान खाली गेले. फळाही.

खालची कवळी मिळाली. आता वरखाली पूर्ण. सर्व अक्षरे उमटतात. डॉक्टरांनी स्वतः म्हणवून घेतली.

संध्याकाळी शेवटची पोथी. शेवटची असे छबू म्हणाली नाही, मी म्हणतो. वाचता वाचता मध्येच थांबून म्हणालो की कोणाला तरी वाटत होते की तिने जाऊ नये.

छबूने सुया खाली ठेवल्या. म्हणाली की चेंज इनटू डायरेक्ट.

प्रयत्न केला. तोंड उघडले. नव्या कवळीने नेमका ज उमटेना. म्हणालो की बोचते आहे. छबू म्हणाली की कळलं. मग म्हणाली की अरे, एक मजला खाली चाललेय. आणि तो स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला.

तो डॉक्टरांसाठी आहे, असे धरून चाललो होतो. माझ्या मापाचा निघाला. छातीशी एक टाका सुटलेला आहे. तो तसाच ठेवावयाचा.

२८ तारीख, शुक्रवार.

नोंदणी कचेरी. पंखा बंद, कारकून चालू. मी साक्षीदार, हे पद मला जन्मतःच शोभते.

सह्यांपूर्वी दोन शब्द बोलण्याची मला विनंती झाली. म्हणजे मी केली. उभा राहिलो आणि सवयीने म्हणून गेलो की त्या दोघांना त्या दिवशी त्याचा आशीर्वाद होता.

कारकुनाने मान वर करून विचारले की होता? काढून घेतला का? सौ.ने माझा कोट मागून ओढला. मी बसलो. छबू कारकुनाला म्हणाली की तुम्ही सही घ्या, सही ते डायरेक्ट करतात.

सही केली. वर्तमानकाळात.

३० तारीख, रविवार. दुपारी चार.

घरात कोणी नाही. बाहेरच्या खोलीत फळ्याच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन आहे. पोथी उघडली. अर्धे पान मोठ्याने वाचले. एकही अक्षर वाऱ्यावर गेले नाही. सगळी खोलीतच पडून राहिली. पोथी मिटली.

संकल्प: व्रताची आज समाप्ती. साक्षी होऊन पुष्कळ दिवस झाले, आणि त्या काळात घरात एकदाही वेळेवर चहा मिळालेला नाही.

स्वेटर घातला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि वरच्या-खालच्या सर्व दातांनी, खणखणीत म्हणालो, "मला आत्ता इथे चहा हवा आहे."

मी, आत्ता, इथे, आहे. चौघेही जागच्या जागी. दोन्ही बाजूंना शिंगे. इतके निर्दोष डायरेक्ट वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो.

कोणी ऐकले नाही. सौ. केव्हाच खाली गेली होती. गॅसवर रिकामे पातेले.

पुन्हा म्हणालो. या वेळी थोडे हळू, आणि नुसतेच, "छबू."

स्वयंपाकघराची खिडकी खालच्यांच्या खिडकीवर येते. खालून कपबश्या वाजल्या. सौ.चे हसणे ऐकू आले, डॉक्टर काहीतरी सांगत होते, मोकळ्या तोंडांच्या माणसांना. मग छबू म्हणाली, "दादा, वर काय उभा आहेस? खाली ये. चहा गाळलाय. आणि पोथी घेऊन ये, ह्यांना ऐकायची आहे."

जसेच्या तसे लिहिले आहे. एक अक्षर बदललेले नाही. लिहिण्यापूर्वी तिच्याच आवाजात एकदा म्हणूनही पाहिले. हा गुण आहे.

निघतो. ही रोजनिशी कोणी वाचावयाची नाही. तरीही कोणी वाचलीच, तर ज्याने शब्द दिला त्याची त्याच्यावर कृपा असो. त्याला जे हवे आहे ते मागता येवो, मागितलेले कोणाच्या तरी कानी पडो, आणि ते निवण्याच्या आत मिळो. असो, पडो, मिळो. यांचा काळ कोणी बदलू नये.